गरम डांबराचं घड्याळ

गेल्या महिन्यातच बुजवलेला खड्डा पहिल्या दोन सरींत पुन्हा कसा उघडतो? रस्त्यांविषयी लोक विचारतात तो प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, आणि विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असतं: "कंत्राटदारानं खाल्लं." कधी ते खरंही असतं. पण समजा, कुणी काहीच खाल्लं नाही, मुकादम प्रामाणिक आहे, मजूर कष्टाळू आहेत, तरीही तो खड्डा उघडू शकतो. कारण शोधायचं तर खड्ड्यापासून वीस-तीस किलोमीटर मागे जावं लागतं, जिथे खडी आणि डांबर एकत्र येतात त्या प्लांटपर्यंत. हा प्लांट आपण कधी पाहत नाही. लांबून धूर दिसतो, वास येतो, तेवढंच.

१. आधी खड्ड्याविषयी थोडंसं

डांबरी रस्त्याला भेग पडते. त्यात पाणी शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी जोरानं दाबलं जातं, चाक पुढे गेलं की परत ओढलं जातं. दिवसभरात हजारो चाकं म्हणजे हजारो वेळा हा पंप चालतो आणि खडीला धरून ठेवणारं डांबर हळूहळू सुटतं. एक खडा निखळला की शेजारचा उघडा पडतो. मुंबईत सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी सुमारे 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे या पंपाला पाण्याची ददात नाही.

खड्डा बुजवणं म्हणजे त्या भोकात पाणी शिरणार नाही असं काहीतरी घट्ट बसवणं. खरी अडचण "घट्ट" या शब्दात आहे.

२. रस्ता म्हणजे चिक्की

शेंगदाण्याची चिक्की करताना घरात जी धांदल उडते ती आठवा. पाक तयार झाला की दाणे टाकायचे, भराभर ढवळायचं, ताटावर ओतायचं आणि गरम असेतो लाटणं फिरवायचं. फोन वाजला, दारात कुणी आलं, दोन मिनिटं गेली, की संपलं. मग लाटण्यावर कितीही जोर काढा, चिक्की दबत नाही, तुटते. पाक जास्त तापला तर कडू होते, कमी तापला तर चिकट राहते.

डांबरी रस्त्याची गोष्ट जवळजवळ हीच. शंभर किलो मिश्रणात साधारण पंच्याण्णव किलो निरनिराळ्या आकारांची खडी आणि दगडाची भुकटी असते. डांबर फक्त पाचेक किलो. ते डांबर प्रत्येक खड्यावर पातळ थरानं बसतं, इतक्या पातळ की केसाची जाडी त्याच्या कैक पट भरेल. मग रोलरखाली सगळे खडे एकमेकांत रुतून बसले पाहिजेत. दाबून झाल्यावर आत हवेच्या फटी थोड्याच राहाव्यात अशी अपेक्षा असते. फटी वाढल्या की पाण्याला घर मिळतं.

इथे एक गंमत सांगायला हवी. ज्याला आपण डांबर म्हणतो ते खरं तर डांबर नव्हे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ज्या डांबरातून आल्या ते दगडी कोळशापासून निघतं. रस्त्यावर येतं ते खनिज तेल शुद्ध केल्यावर तळाशी उरणारं बिटुमेन. पण मराठीत त्याला डांबर हेच नाव चिकटलं, आणि चिकटणं हाच त्याचा धर्म असल्यानं मीही तेच वापरतो.

या डांबराची जातवारी पूर्वी सुईनं ठरायची. 25 अंश तापमानाच्या डांबरावर शंभर ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंद टेकवायची आणि ती किती रुतते ते मोजायचं. "80/100" म्हणजे सुई 8 ते 10 मिलिमीटर रुतणारं, मऊ. "60/70" त्याहून कडक. 2006 पासून भारतीय मानकांनी सुई बाजूला ठेवून डांबर गरम असताना किती घट्ट वाहतं त्यावर वर्गवारी केली. आज आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेलं "व्हीजी-30" त्यातलंच. या डांबराचं मिश्रण प्लांटमधून साधारण 150 ते 165 अंशांवर निघावं, रस्त्यावर पसरताना 140 च्या खाली जाऊ नये आणि रोलर फिरून होईपर्यंत 90 च्या वर असावं.

म्हणजे मिश्रण प्लांटमधून पडतं त्या क्षणी एक घड्याळ चालू होतं. 160 वरून 140, 140 वरून 90. पुढची प्रत्येक गोष्ट या घड्याळाशी झगडण्याची आहे.

३. पिंपापासून प्लांटपर्यंत

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना रस्त्याकडेला पेटवलेलं डांबराचं पिंप आठवत असेल. खाली लाकडं, वर काळा धूर, आणि झारीसारख्या डब्यानं खडीवर डांबर शिंपडणारा पायाला गोणपाट गुंडाळलेला मजूर. त्या पद्धतीत खडी थंडच असायची. थंड दगडावर गरम डांबर पडलं की ते वरवर गोठायचं, आणि पहिल्या पावसात खडी पायाखाली यायची.

हॉटमिक्समध्ये खडीही तापवली जाते, हा मुख्य फरक. महाराष्ट्रात या फरकाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे पुण्याचा जंगली महाराज रस्ता. 1973 च्या जोरदार पावसानं पुण्यातल्या रस्त्यांची दैना झाल्यानंतर महापालिकेनं हे काम मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीला दिलं. हॉटमिक्स पद्धत आणि दहा वर्षांची हमी. 1976 साली रस्ता झाला, आणि हमी संपून कित्येक वर्षं उलटली तरी तो धड राहिला. तेव्हापासून पुणेकर प्रत्येक नव्या रस्त्याला त्याचं नाव घेऊन टोमणे मारतात.

हॉटमिक्स प्लांटच्या आत काय होतं? मोठ्या कामांच्या बॅच प्लांटचा क्रम असा. आकारवार खडी वेगवेगळ्या हौदांतून पट्ट्यावर येते. पट्टा ती एका तिरक्या फिरत्या पिंपात टाकतो. तोंडाशी बर्नरची ज्योत असते. आत दगड सुकतात, तापतात. मग बादल्यांची माळ त्यांना वर नेते, तिथे कंप पावणाऱ्या चाळण्या त्यांना पुन्हा आकारवार वेगळं करतात. प्रत्येक आकाराचा दगड ठरल्या वजनानं खाली सोडला जातो, वरून मोजून डांबर पडतं, आणि दोन आडव्या दांड्यांवरची पाती मिनिटभरात सगळं घुसळून काढतात. तोंड उघडलं की खाली उभ्या डंपरमध्ये एक घाणा पडतो.

दुसरा प्रकार ड्रम प्लांट. त्यात सुकवणं आणि डांबर मिसळणं एकाच पिंपात सलग होतं. स्वस्त, सोपं, पण तापल्यानंतर पुन्हा चाळणं आणि तोलणं नाही. सुरुवातीला पट्ट्यावर जे पडलं तेच शेवटी निघतं.

४. म्हातारपणाची लक्षणं

आता हा प्लांट तीस-चाळीस वर्षांचा झाला अशी कल्पना करा. तो बंद पडत नाही, हीच त्याची गैरसोय. बंद पडला असता तर कुणी नवा घेतला असता. तो धापा टाकत चालतो.

पहिली जाते चाळण. दहा मिलिमीटरची जाळी एका कोपऱ्यात फाटली की वीस मिलिमीटरचा दगड बारीक खडीच्या हौदात जायला लागतो. कागदावर मिश्रण जसंच्या तसं असतं; प्रत्यक्षात चिक्कीत अख्खे अक्रोड पडू लागलेले असतात.

मग काटा. एक टनाचा घाणा धरा. त्यात 50 किलो डांबर हवं. काटा पाचच किलोनं चुकला तर पडलं 45. टनामागे पाच किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण डांबर 5 टक्क्यांवरून 4.5 वर आलं, म्हणजे गोंदाचा दहावा हिस्सा गेला. मानकांची सूट साधारण 0.3 टक्के इकडेतिकडे, एवढीच. दुसऱ्या बाजूला पाच किलो जास्त पडलं तर रस्ता उन्हात पाझरतो आणि चाकांखाली लाटा उठतात.

डांबराच्या टाकीचंही तेच. जुन्या पद्धतीत टाकीतल्या नळीत सरळ ज्योत सोडली जाते. नळीलगतचं डांबर करपतं, लांबचं कोमटच. नव्या टाक्यांत गरम तेल नळ्यांतून फिरवून ऊब दिली जाते. दूध थेट आचेवर ठेवणं आणि पाण्याच्या पातेल्यात पातेलं ठेवून तापवणं, यातला जो फरक तोच हा.

धूर तर शेजाऱ्यांनाही दिसतो. पिंपातून निघणाऱ्या हवेबरोबर दगडाची अतिबारीक पूड उडते. जुन्या प्लांटात ती पाण्याच्या फवाऱ्यानं खाली पाडतात आणि गाळ म्हणून फेकतात. नव्या प्लांटात कापडी पिशव्यांची गाळणी असते, ती पूड पकडून परत मिश्रणात सोडते. खड्यांमधल्या सूक्ष्म फटी भरायला हीच पूड लागते, त्यामुळे जुन्या प्लांटच्या धुरातून शेजाऱ्यांची हवा बिघडते तसा रस्त्यातला मालही उडून जातो.

पण मला सर्वांत बोलकं वाटतं ते उघड्यावर भिजणारे खडीचे ढीग. छप्पर घालायला प्लांट बदलावा लागत नाही, तरीही बहुतेक जुन्या आवारांत ते नसतं. त्याची किंमत काढून पाहू.

एक टन खडी 25 अंशांवरून 160 वर न्यायची. दगडाला किलोमागे एक अंश चढवायला साधारण 0.2 किलोकॅलरी लागते. म्हणजे 1,000 गुणिले 0.2 गुणिले 135, बरोबर 27,000 किलोकॅलरी. आता या खडीत चार टक्के ओल आहे, म्हणजे 40 किलो पाणी. पाणी शंभर अंशांवर नेऊन त्याची वाफ करायला किलोमागे सुमारे 615 किलोकॅलरी जातात. 40 गुणिले 615, म्हणजे 24,600.

म्हणजे अख्खा टनभर दगड तापवायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच त्याला चिकटलेल्या चाळीस लिटर पाण्यावर खर्च झाली. तेलाच्या भाषेत टनामागे अडीच किलो इंधन निव्वळ वाफेसाठी, तेही बर्नरमधून एक थेंब वाया गेला नाही असं धरून. छपराखाली ढीग ठेवून ओल चारवरून दोन टक्क्यांवर आणली तर हा खर्च निम्मा होतो. जुना बर्नर एवढी जास्तीची ऊब देऊ शकला नाही तर दोनच वाटा उरतात: पट्टा मंद करायचा, किंवा दगड अर्धवट ओला असतानाच पुढे ढकलायचा. बाहेर डंपरची रांग लागलेली असते, तेव्हा काय होतं ते वेगळं सांगायला नको. ओल्या दगडावर डांबर बसतं, पण बिलगत नाही.

५. वाटेत निवणारा घास

प्लांट उत्तम आहे असं मानू. आता डंपर निघाला. मुंबई ही लांबट पट्टी. महापालिकेचा डांबर प्लांट वरळीत, आणि वरळीहून दहिसर तिसेक किलोमीटर. डंपरवर ताडपत्री असते. ती ढिगाला नीट झाकते की नुसती फडफडते यावर बरंच अवलंबून असतं. ढिगाची वरची साय आधी निवते, पोट गरम राहतं. ओतल्यावर गार गोळे आणि गरम माल एकाच पॅचमध्ये शेजारी शेजारी बसतात, आणि गार गोळ्याच्या जागी फटी राहतात.

यावर प्लांटवाल्यांनी एक घरगुती तोड काढली आहे: मिश्रण मुळातच जास्त तापवून पाठवायचं, म्हणजे पोचेपर्यंत बरोबर येईल. पाक करपवून चिक्की मऊ राहत नाही. पातळ थरात असलेलं डांबर जास्त तापलं की हवेशी संयोग होऊन कडक आणि ठिसूळ होतं. अशा रस्त्याला भेगा लवकर पडतात.

आणि खड्ड्यांच्या कामात घड्याळ आणखी जोरात पळतं. का, ते पुन्हा एका हिशेबानं पाहू. खड्डा एक मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, साडेसात सेंटिमीटर खोल. घनफळ 0.045 घनमीटर. दाबलेल्या मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण 2,300 किलो धरलं तर या खड्ड्याला लागले शंभरेक किलो. दहा टनांच्या डंपरमध्ये असे पंच्याण्णव-शंभर खड्डे मावतात. एक खड्डा नीट करायचा तर कडा चौकोनी कापायच्या, आतला चिखल काढायचा, डांबराचा पातळ हात द्यायचा, माल भरायचा, रोलर फिरवायचा. हे सगळं दहा मिनिटांत उरकतं असं मानलं, जे उरकत नाही, तरी पंच्याण्णव खड्ड्यांना जवळजवळ सोळा तास झाले. दहाव्या-पंधराव्या खड्ड्याला मिळतो गरम घास, पन्नासाव्याला शिळा. शेवटी मजूर फावड्यानं गोळे फोडून भरतात आणि पाठीनं थापटतात.

म्हणजे किलोमीटरच्या किलोमीटर रस्ता अंथरण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेकडून आपण घमेल्या-घमेल्यांनी डागडुजी करून घेतो. वीस खड्ड्यांना दोन टन माल पुरतो, दोन घाणे, काही मिनिटांचं काम. पण तेवढ्यासाठी टाकी तापवायची, पिंप पेटवायचं, माणसं बोलवायची. परवडत नाही. म्हणून डंपर भरूनच निघतो. यावर उपाय अवघड नाही: आतून ऊब धरून ठेवणाऱ्या, झाकणाच्या पेट्या लावलेल्या छोट्या गाड्या. हॉटेलातून बिर्याणी घरपोच येते तीही अशा पिशवीत येते. रस्त्याच्या नशिबी मात्र बहुधा फाटकी ताडपत्री.

६. पावसाळ्यातलं दूध

खड्डे पडतात जुलैत, आणि जुलैत हॉटमिक्सचं काम धड होत नाही. रस्ता ओला, खडी ओली. म्हणून थंड मिश्रण, कोल्ड मिक्स.

थंड डांबर वाहतं कसं? दुधात स्निग्धांश जसा बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात तरंगतो, तसं डांबराचे थेंब पाण्यात तरंगत ठेवतात. याला इमल्शन म्हणतात. खडीला लागल्यावर ते फाटतं, हो, दुधासारखंच, आणि पाणी सुटून डांबर दगडाला धरतं. दुसऱ्या प्रकारात डांबर उडून जाणाऱ्या तेलात पातळ करतात. तेल उडालं की ते घट्ट होतं. गोणीत भरून मिळणारा तयार माल बहुतेक या दुसऱ्या प्रकारचा, आणि त्याच्यासाठी 2014 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसनं वेगळी मार्गदर्शिकाही काढली.

मुंबई महापालिकेनं 2017 मध्ये ऑस्ट्रिया आणि इस्रायलकडचं कोल्ड मिक्स आणून पाहिलं आणि मग वरळीच्या आपल्याच प्लांटमध्ये तसा माल तयार करायला घेतला. लोकांचा अनुभव संमिश्र, आणि ते समजण्यासारखं आहे. पाणी किंवा तेल उडून जायला उसंत लागते. वर मुसळधार पाऊस आणि पाच मिनिटांत बस जाणार असेल तर कोणतं दूध फाटून दही बसेल? कोल्ड मिक्स म्हणजे जखमेवरची पट्टी. पाऊस सरल्यावर ती काढून खरी शिलाई करायची असते. आपल्याकडे पट्टीच पुढच्या जूनपर्यंत राहते.

७. प्लांट गावाबाहेर होता

सरकारी प्लांट उभे राहिले तेव्हा ते ओसाड जागी होते, किंवा कारखान्यांच्या शेजारी, जिथे धुराचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग वरळीच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. पुणे महापालिकेचा हॉटमिक्स प्लांट येरवड्यात. तिथेही शहर केव्हाच पुढे सरकून गेलं आहे. खिडकीतून डांबराचा वास येणाऱ्या माणसाची तक्रार रास्त आहे. प्लांट हलवा, ही त्याची मागणीही रास्त आहे. फक्त, प्लांट शहराबाहेर, खाणींजवळ नेला की खडी जवळ येते आणि खड्डा लांब जातो. घड्याळ पुन्हा पळू लागतं.

शिवाय जमिनीचा भाव. 2024 मध्ये मुंबई महापालिकेनं उत्पन्नासाठी जे भूखंड लिलावात काढायचं ठरवलं त्यांत वरळीच्या डांबर प्लांटची जागाही होती. त्याआधी, 2023 च्या जानेवारीत, सुमारे 400 किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचं उद्घाटन झालं होतं. रस्तेच काँक्रीटचे होणार तर डांबराचा प्लांट हवा कशाला, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मुंबईत रस्ते आहेत दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि केबल किंवा जलवाहिनीसाठी काँक्रीट खोदलं की तो चर काहीतरी घालून बुजवावा लागतोच. जागा विकायला माझी हरकत नाही. त्या जागेच्या पैशातून उपनगरात दोन-तीन छोटे, झाकलेले प्लांट आणि ऊबदार गाड्या येणार असतील तर मी उद्घाटनाला नारळ घेऊन जाईन.

प्लांटकडे न पाहता रस्त्यांची लांबीच मोजायची, ही आपली सवय जुनी आहे. 1927 मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराचा केंद्रीय रस्ते निधी आणि पुढे 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. 1943 मध्ये नागपुरात मुख्य अभियंते जमले आणि देशाला किती मैल रस्ते हवेत याचा आराखडा ठरला. मैल, मग किलोमीटर. लांबी मोजायची सवय तिथून जी लागली ती लागली. फाटलेली चाळण कधी बदलली, हे कोणत्याही अहवालाच्या पहिल्या पानावर येत नाही.

८. डंपर आला की काय पाहावं

प्लांटमध्ये आपल्याला कुणी शिरू देणार नाही, पण डंपर आपल्या गल्लीत येतो. ताडपत्री निघाली की जवळ जाऊन उभं राहा, अंगावर उडणार नाही इतकं लांब.

निळसर धूर निघत असेल तर माल करपला आहे. पांढरी वाफ दाटून येत असेल तर खडी ओली होती. ढीग निमुळत्या टोकाचा, ताठ उभा असेल आणि ओतताना ढेकळं पडत असतील तर तो गार झाला आहे. ढीग आपोआप पसरून सपाट झाला असेल, वर चकाकी असेल, तर डांबर जास्त. तपकिरी, निस्तेज, मधूनच उघडा दगड दिसत असेल तर कमी. आणि मुकादमाच्या हातात लांब दांड्याचा तापमापक असेल, तो ढिगात खुपसून त्यानं आकडा वहीत लिहिला असेल, तर त्याला चहा विचारा. आणि रोलर निघेपर्यंत तो आकडा किती उतरला तेही विचारा.